मोठा कुत्रा : जात, काम आणि घर

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. घरात मोठा कुत्रा आणायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या जातीचा आणायचा?’ मग कुणी लॅब्रॅडॉर सुचवतं, कुणी जर्मन शेफर्ड. धाकट्याला हस्की हवा असतो आणि आजोबांना अजूनही ‘अल्सेशियन’च आठवतो. चर्चा होते ती नावांची. आपण आज या नावांच्या मागे जाणार आहोत. ती कधी पडली, कुणी पाडली, कशासाठी पाडली, ते पाहणार आहोत. एवढं कळल्यानं निवड सोपी होईलच असं नाही, पण चुकीची निवड टाळता येते.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘कोणत्या जातीचा?’ हा प्रश्न आज स्वाभाविक वाटतो, पण आजच्या अर्थानं तो जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. त्याआधी माणूस विचारायचा, ‘कोणत्या कामाचा?’ पुढे बरीचशी कामं संपली आणि नावं तेवढी राहिली. मात्र त्या कामासाठी घडलेलं शरीर आणि घडलेला स्वभाव नावाच्या पाठोपाठ आपल्या घरात येतो. आपण नाव पाहून कुत्रा आणतो आणि सांभाळायला लागतं त्याचं काम.

राजवाड्यातला कुत्रा

मोठा कुत्रा घरात वाढवल्याचे आपल्याकडचे उल्लेख फार जुने आहेत. वाल्मीकिरामायणात, अयोध्याकांडात, भरत आजोळहून निघतो तेव्हा केकयराजा त्याला भेटी देतो. त्यात हत्ती आहेत, कांबळी आहेत, सोनं आहे आणि कुत्रेही आहेत. हे कुत्रे अंतःपुरात वाढलेले, महाकाय, वाघासारख्या बळाचे आणि दाढा हेच शस्त्र असलेले, असं वर्णन आहे. केकय देश वायव्येकडचा, पंजाबच्या बाजूचा. आता गंमत बघा. हिंदुस्थानचे कुत्रे वाघापासून झालेले असतात, अशी ऐकीव गोष्ट ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं प्राण्यांवरच्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीनं हे अशक्यच. पण वायव्य भारतातल्या दांडग्या कुत्र्यांची कीर्ती किती दूर गेली होती, ते यावरून कळतं.

आमच्या मते यात सर्वांत उपयोगी माहिती हिरोडोटसनं दिली आहे. बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे इतके हिंदुस्थानी कुत्रे होते, की त्यांच्या खाण्यासाठी चार मोठी गावं लावून दिली होती आणि त्या गावांना बाकीचा कर माफ होता. मोठ्या कुत्र्याचा हा बहुधा इतिहासातला पहिला खर्चाचा हिशेब. मोठा कुत्रा पाळायचा म्हणजे त्याला कायमची नेमणूक लागते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी लोकांना ठाऊक होतं. आज पिल्लाची किंमत विचारणारे बरेच असतात, महिन्याचा खर्च विचारणारे फार थोडे.

पण तेव्हाचा कुत्रा केवळ शोभेचा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पारधी आणि कुत्र्यांचे कळप बाळगणारे लोक रानातून फिरत असत, चोर किंवा शत्रू दिसला तर इशारा देत, असं येतं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाचे वीस विनोद, म्हणजे मनोरंजनाचे प्रकार, सांगितले आहेत. त्यातला एक सारमेयविनोद, कुत्र्यांचा. शिकार, राखण, पाठलाग अशा कामांवरून तेव्हा कुत्र्यांची पारख होत असे.

आमचा विषय तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे प्लेटोला टाळून पुढे जाता येत नाही. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात प्रश्न असा आहे, की नगराचा रक्षक स्वकीयांशी मृदू आणि परक्याशी कठोर कसा असावा? हे दोन गुण एका ठिकाणी नांदतील का? सॉक्रेटिस म्हणतो, नांदतात, चांगल्या कुत्र्याकडे बघा. तो ओळखीच्यांशी प्रेमानं वागतो आणि अनोळखी माणसावर भुंकतो. कुणी काय दिलं किंवा काय त्रास दिला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याचा निकष एकच, माहीत आहे की नाही. म्हणून सॉक्रेटिस अर्धवट विनोदानं कुत्र्याला तत्त्वज्ञ म्हणतो.

यात एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. राखणीचा कुत्रा ‘ओळखी’वर चालतो, म्हणजे त्याला ओळखी करून द्याव्या लागतात. १९६५ मध्ये स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांचा कुत्र्यांच्या वर्तनावरचा मोठा ग्रंथ निघाला. पिल्लाच्या तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यांत त्याची जगाशी ओळख होते, हे त्यांच्या दीर्घ प्रयोगांतून दिसलं. त्या काळात त्यानं मुलं पाहिली, म्हातारी माणसं पाहिली, कुकरची शिट्टी ऐकली, सायकल पाहिली, तर पुढे या गोष्टी त्याला परक्या वाटत नाहीत. नाही पाहिल्या, तर वॉचमन, दूधवाला आणि पोस्टमन जन्मभर शत्रू राहतात. कुत्रा पाच किलोचा असेल तर निभावतं. पन्नास किलोचा असेल तर तो सगळ्या सोसायटीचा प्रश्न होतो.

नावामागचं काम

आता आपल्या ओळखीची नावं घेऊ आणि त्यांच्यामागचं काम पाहू.

लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. थंड पाण्यात उडी मारायची, जाळ्याची दोरी आणायची, सुटलेला मासा पकडून द्यायचा, हे त्यांचं काम. इंग्लंड-स्कॉटलंडच्या उमरावांनी त्यांना नेलं आणि बंदुकीनं पाडलेले पक्षी उचलून आणायला लावलं. इंग्लंडच्या केनेल क्लबनं लॅब्रॅडॉरला मान्यता दिली ती १९०३ मध्ये. या कामाला माणसाकडे लक्ष देणारा, तोंडात धरलेली वस्तू न चावता आणून देणारा, न कंटाळणारा कुत्रा लागतो. म्हणून तो घरात चटकन रुळतो. पण तो दिवसभर पोहणाऱ्या कुत्र्याचा वंशज आहे, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर लोळणाऱ्याचा नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळलेला असतो आणि असे कुत्रे खाण्याच्या जास्त मागे लागतात. घरातला लॅब्रॅडॉर जेवण झाल्यावरही ताटाकडे पाहतो, त्याला नुसता हावरट म्हणून भागत नाही. पोळीचा तुकडा टाकणारा हात आपला असतो, तो आवरायचा.

रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा. गुरं हाकायची, गाडी ओढायची, मालाची राखण करायची. डोबरमन हे तर माणसाचं आडनाव. आपोल्डा गावचे लुई डोबरमन कर गोळा करायचे. वसुलीच्या फेरीत सोबतीला धाक असणारा कुत्रा हवा, म्हणून त्यांनी तो जमवत आणला, असं सांगतात. ते १८९४ मध्ये गेले आणि कुत्र्याला त्यांचं नाव राहिलं. ग्रेट डेनचा डेन्मार्कशी संबंध नाही, तोही जर्मनीचा. रानडुकराला धरून ठेवणाऱ्या शिकारी कुत्र्यांचा तो वंशज. हस्की सैबेरियाचा. चुक्ची लोकांच्या घसरगाड्या तो बर्फावरून ओढायचा, मैलोगणती आणि तेही कमी खाऊन.

या कामांची ढोबळ वाटणी अशी करता येते. कळपाची राखण करणारे कुत्रे स्वतःच्या डोक्यानं चालतात. रात्री जागणं आणि भुंकणं हे त्यांचं कर्तव्यच. आपल्या धनगरांचे कुत्रे आणि हिमालयातले गद्दी लोकांचे कुत्रे या प्रकारातले. लांडगा आल्यावर हुकमाची वाट बघणारा कुत्रा तिथे काय कामाचा? तोच कुत्रा आपण तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवतो आणि रात्री दोनला तो भुंकतो म्हणून त्याला रागावतो. मेंढरं वळवणारे कुत्रे माणसाच्या खुणेवर चालतात. ते हुशार असतात, म्हणूनच रिकामे बसले की बिघडतात. नजरेनं शिकार करणारे कुत्रे शांत, अलिप्त, पण पळणारी वस्तू दिसली की बाण सुटावा तसे सुटतात. आणि उचलून आणणारे कुत्रे माणसाळलेले, पण सतत काही तरी करायला मागणारे. घराला यातला कोणता स्वभाव पेलेल, हा खरा पहिला प्रश्न.

१८५९ आणि त्यानंतर

मग हे ‘जात’ प्रकरण सुरू कधी झालं? जून १८५९ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. आधुनिक पद्धतीचं ते पहिलं प्रदर्शन मानतात. साठ कुत्रे होते, सगळे पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकारीचे. बक्षीस होतं बंदुकांचं. शिकारीचा कुत्रा पारखायचा, पण रानात न जाता, मांडवात उभा करून पारखायचा. काम बाजूला पडून रूपाला गुण मिळायला सुरुवात झाली ती तिथे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ निघालं. त्याचं पहिलं प्रकरण पाळीव प्राण्यांवर आणि वनस्पतींवर आहे. माणूस निवड करत गेला की प्राणी किती बदलतो, ते तिथे त्यानं मांडलं. एकाच वर्षी इंग्लंडमध्ये दोन गोष्टी झाल्या. एकानं सांगितलं, की प्रकार स्थिर नसतात, ते घडत-बदलत असतात. दुसरीकडे ते कायमचे गोठवायची तयारी सुरू झाली. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी वंशावळीची पहिली वही छापली गेली. हळूहळू नियम पक्का झाला, की आईबाप दोघंही वहीत असतील तरच पिल्लू वहीत.

इथे आपल्या भाषेकडे वळणं भाग आहे. इंग्रजी ‘ब्रीड’ला आपण ‘जात’ म्हणतो. आंब्याची जात, गाईची जात, कुत्र्याची जात आणि माणसाची जात. शब्द एकच, त्यामुळे समजुतीही एकमेकींत मिसळतात. जन्मानं सगळं ठरतं. शुद्ध ते श्रेष्ठ. मिसळलं की बाटलं. चांगल्याला आपण ‘जातिवंत’ म्हणतो आणि दारातल्या कुत्र्याला ‘गावठी’. या समजुतींची माणसांच्या बाबतीत काय किंमत मोजली गेली, ते महाराष्ट्राला सांगायला नको. कुत्र्यांच्या बाबतीत ती कुत्रे मोजतात, शरीरानं.

दोन उदाहरणं देतो. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, साधूंचा मठ आहे. बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधायला तिथे कुत्रे असत. त्यातला बॅरी प्रसिद्ध आहे. तो १८०० ते १८१४ या काळातला, आणि त्यानं चाळीसवर माणसं वाचवल्याचं सांगतात. त्याचं पेंढा भरलेलं शरीर बर्नच्या संग्रहालयात आजही आहे. बॅरीचं वजन पंचेचाळीस किलोच्या आतच असावं, असा अंदाज आहे. आजचा सेंट बर्नार्ड साठ ते ऐंशी किलोंचा, कधी त्याहूनही जास्त. मधल्या काळात त्यांचा न्यूफाउंडलंड कुत्र्यांशी संकर झाला आणि काहींना लांब केस आले. त्या केसांत बर्फ अडकून गोळे व्हायला लागले, म्हणजे मूळ कामालाच ते निकामी झाले. लोकांना मात्र भव्य, केसाळ रूपच आवडलं. गळ्यातलं ब्रँडीचं पिंपही चित्रकार लँडसीअरच्या चित्रातून लोकप्रिय झालं.

दुसरं उदाहरण डाल्मेशियनचं, ठिपक्यांच्या कुत्र्याचं. हा घोडागाडीबरोबर धावणारा. वहीतल्या सगळ्या डाल्मेशियनांत एक उपजत दोष पसरला होता. लघवीत युरिक आम्ल वाढून खडे होण्याचा. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञानं एकदाच एका पॉइंटरशी संकर केला आणि मग पुढच्या सगळ्या पिढ्यांत पुन्हा डाल्मेशियनच वापरले. दोष गेला. दिसायला, वागायला कुत्रा तोच. तरी अमेरिकन केनेल क्लबच्या वहीचं दार या कुळासाठी उघडायला २०११ साल उजाडलं. मधली कित्येक वर्षं आक्षेप एकच होता, की एका आजोबाचं रक्त परकं आहे. आजारी पण शुद्ध, की निरोगी पण मिश्र? हा प्रश्न पडल्यावर माणसं किती वेळ अडून राहू शकतात, ते इथे दिसतं.

आणि नावाचं म्हणाल, तर आजोबांच्या अल्सेशियनकडे बघा. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्यानं जर्मनीत एक मेंढपाळी कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव बदलून होरांड ठेवलं, संस्था काढली आणि वहीत पहिला म्हणून त्यालाच नोंदवलं. तोच जर्मन शेफर्डचा मूळपुरुष. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन नाव नकोसं झालं, म्हणून तोच कुत्रा ‘अल्सेशियन’ झाला आणि त्या नावानं आपल्याकडे आला. इंग्लंडच्या क्लबनं ‘जर्मन शेफर्ड’ हे नाव परत घेतलं ते १९७७ मध्ये. एवढ्या उलाढालीत कुत्र्याला काही फरक पडला नाही. नाव माणसांचं असतं, माणसांच्या भांडणांचंही असतं.

आपल्या मातीतले

आपल्याकडे यायचं तर कारवानी कुत्र्याकडे यायला हवं. कर्नाटकाच्या बागलकोट भागात, आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापूरकडे हा आढळतो. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, उंच पाय. कारवान म्हणजे तांडा, तांड्यांबरोबर आलेला तो कारवानी. लांब मऊ केसांचा असेल तर पश्मी, ‘पश्म’ म्हणजे लोकर. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, ब्रिटिश राजाला ते भेट दिले आणि त्यावरून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. एकाच घडणीच्या कुत्र्याला गावकरी कामावरून आणि तांड्यावरून ओळखत होते, बाहेरचं जग संस्थानावरून ओळखू लागलं.

त्याचं काम माळरानावर ससा धरण्याचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी ही शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. पण त्याबरोबर कुत्र्याचं कामही गेलं. पुढे २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. सैन्याच्या मेरठच्या केंद्रातही त्याला शिकवायला घेतलं गेलं. आता शहरातही मागणी आहे. मग घरासाठी तो कसा? उन्हाला टिकतो, अंगावर केस कमी, खाणं बेताचं. मात्र त्याला बांधून ठेवणं म्हणजे शिक्षा. रोज मोकळं धावायला कुंपण घातलेली जागा हवी. रस्त्यावर पट्टा सुटला आणि समोरून मांजर गेलं, तर आपल्या हाकेला अर्थ राहत नाही. आणि तो आल्यागेल्याच्या गळ्यात पडणारा नाही, त्याला घाई केलेली आवडत नाही.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, अशी कथा आहे. खंड्या अडीचशेहून अधिक वर्षं लोकांच्या लक्षात राहिला तो नावानं आणि कृतीनं. त्याची वंशावळ विचारल्याचं कधी ऐकलं नाही.

जात किती सांगते?

मग जातीला काहीच अर्थ नाही का? तसंही नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या कुत्र्यांविषयी प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. निष्कर्ष असा, की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला सरासरी नऊ टक्के भागच जातीवरून सांगता येतो. माणसाचं ऐकण्याची तयारी यासारख्या काही गुणांत जात जास्त सांगते, पटकन बिथरणं यासारख्या गुणांत फारच कमी. शरीर मात्र जात बरंच ठरवते. म्हणजे जात हा आडाखा आहे, हमी नाही.

कायदा करतानाही ही अडचण येते. इंग्लंडनं १९९१ मध्ये जातींची नावं घालून धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला. नावांची यादी पुढे वाढवावी लागली, वाद आजही मिटलेला नाही. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं तेवीस जातींवर बंदी आणण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता काढलेलं ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात रद्द ठरवलं. आता, चावा झालेल्या मुलाच्या आईबापांना नऊ टक्के सांगून उपयोग नाही, त्यांची भीती खरी आहे. आमचं म्हणणं एवढंच, की धोका नावात शोधला तर तो नजरेतून सुटतो. साखळीला बांधून वाढवलेला, कुणाशी ओळख नसलेला, अंगानं दांडगा कुत्रा कोणत्याही जातीचा असला तरी धोक्याचाच.

आकाराची किंमत

मोठ्या शरीराची स्वतःची किंमत असते, ती आता रोखठोक सांगतो. प्राण्यांत साधारणपणे मोठे जास्त जगतात, हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो. कुत्र्यांत मात्र उलट. छोटा कुत्रा चौदा-पंधरा वर्षं जगतो, ग्रेट डेन आठ-दहा वर्षं जगला तरी पुष्कळ. पिल्लू आणलं तेव्हा मुलगा पाचवीत असेल, तर त्याच्या ऐन दहावी-बारावीच्या सुमाराला कुत्रा म्हातारा झालेला असतो. मोठ्या कुत्र्यांत मागच्या पायांचे खुबे ढिले असण्याचा आजार जास्त, जर्मन शेफर्डमध्ये विशेष. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो, तेव्हा हातात काही तासच असतात. जवळ रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना आहे का, हे पिल्लू आणण्याआधी बघायचं.

आणि उकाडा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. शरीर मोठं, केस दाट, तर ते निवणं कठीण. नागपूरच्या मे महिन्यात हस्की किंवा सेंट बर्नार्ड आणायचा तर त्याच्यासाठी गारव्याची खोली हवी आणि वीज गेली तर काय, याचं उत्तरही हवं. ‘आमच्या घरी एसी आहे’ हे पूर्ण उत्तर नाही. कुत्र्याला फिरायला बाहेर न्यावंच लागतं.

मग निवड करायची कशी? आम्ही म्हणू, नावांची यादी बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यांनी एकदा बसावं. दिवसा घरी कोण असतं? पहाटे आणि संध्याकाळी तासभर फिरवणार कोण, पावसाळ्यातसुद्धा? पट्ट्याला ओढ बसली तर घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला ती पेलेल का? घरात रांगतं मूल किंवा काठी घेऊन चालणारी आजी असेल, तर प्रेमानं दिलेला धक्काही पाडू शकतो. ही उत्तरं मिळाली, की कोणत्या कामाचा कुत्रा आपल्याला झेपेल ते कळतं. मग जात बघावी, आणि जातीनंतर तो एक कुत्रा बघावा. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी, ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते पाहावं. आईबापांच्या खुब्यांची तपासणी झाली आहे का, ते विचारावं. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. रस्त्याच्या कडेला गाडीतून पिल्लू देणाऱ्याकडे यातलं काही नसतं. पूर्ण वाढलेला, मिश्र जातीचा, कुणी तरी सोडून दिलेला कुत्राही विचारात घ्यावा. त्याचा स्वभाव आणि आकार दोन्ही समोर दिसतात, अंदाज बांधावा लागत नाही.

शेवटी महाभारत. या ग्रंथाच्या आरंभी आदिपर्वात सरमा नावाची कुत्री येते. तिच्या पिल्लानं यज्ञातल्या हविर्भागाला तोंड लावलेलं नसतं, तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. निरपराध पिल्लाला का मारलं, असा जाब ती राजाला विचारते. आणि अखेरीस, महाप्रस्थानात, एक कुत्रा युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालत राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. युधिष्ठिर सोडत नाही. ज्यानं आपला आश्रय घेतला त्याला टाकणं हे पाप, ही त्याची भूमिका. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म, हे नंतर कळतं. युधिष्ठिरानं निर्णय घेतला तेव्हा त्याच्यासमोर साधा कुत्राच होता. त्याची जात काय, हे सांगायची गरज महाभारतकारांना वाटली नाही.

म्हणून पिल्लू बघायला जाण्यापूर्वी घरात आणखी एक प्रश्न विचारावा. दहा वर्षांनी हा कुत्रा मागच्या पायांनी अधू होईल, पस्तीस-चाळीस किलोंचा असेल आणि लिफ्ट बंद असेल, तेव्हा त्याला उचलून खाली कोण नेणार? ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर थोडं थांबावं. कुणी स्वतःचं नाव घेऊन ‘मी नेईन’ म्हणालं, तर मग खुशाल जातींची चर्चा करावी.

तुमचे काही प्रश्न असतील तर आता घेऊ.